मधला कप्पा

माझी भाची सहावीत गेली त्या जूनमध्ये तिच्या वाचनालयातलं मुलांचं कपाट संपलं. काही पुस्तकं दोनदा वाचून झाली होती, 'बोक्या सातबंडे' बहुधा पाचदा. मग ती मोठ्यांच्या विभागात शिरली आणि व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' घेऊन टेबलापाशी आली. वानरांची गोष्ट आहे, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं. टेबलामागच्या काकांनी पुस्तक हळूच स्वतःकडे ओढून घेतलं.

"बाळा, तुझं कार्ड बालविभागाचं आहे."

"काका, तिथलं सगळं वाचून झालंय."

"मग पुन्हा वाच. उजळणी होईल."

तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी आधी काकांवर चिडले. मग वाटलं, काकांनी 'सत्तांतर' वाचलेलं असावं. टोळीवरच्या सत्तेसाठी वानरांची झुंज, रक्त, पिल्लांचे बळी, आणि हे सगळं माडगूळकर डोळा न मिटता सांगतात. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात ते ठेवताना कुणीही क्षणभर थबकेल. पण मुलीचंही खोटं नव्हतं. तिला पुरेल असं त्या कपाटात काही उरलं नव्हतं. तेव्हापासून वर्षभर मी तिच्यासाठी पुस्तकं शोधते आहे. शोधता शोधता मराठीत या वयाच्या तगड्या वाचकासाठी काय आहे, काय नाही, आणि नसलेलं कुठून उसनं आणता येतं, याचा एक हिशोब तयार झाला. तोच इथे मांडते.

दहा ते तेरा या वयात जी मुलं पुस्तकांचा फडशा पाडतात, त्यांची वयं दोन असतात. शब्दांचं वय पंधरा-सोळा, जगण्याचं अकरा. शब्द त्यांना अडत नाही. अडलाच तर मागच्यापुढच्या वाक्यावरून ओळखतात, नाहीतर बिनदिक्कत ओलांडून जातात. त्यांना अडतं ते लेखकाने न सांगितलेलं. नवराबायको जेवताना एकमेकांशी बोलले नाहीत, एवढंच लिहून लेखक पुढे गेला, तर त्या अबोल्यात काय काय आहे हे कळायला थोडे पावसाळे पाहिलेले असावे लागतात. म्हणून 'हुशार आहे, काहीही वाचेल' हे जितकं अर्धवट, तितकंच 'अजून लहान आहे' हेही.

अमेरिकेने यावर आकड्यांचा तोडगा काढला. तिथे लेक्साइल नावाची मोजपट्टी आहे. वाक्यं किती लांब, शब्द किती वापरातले, यावरून पुस्तकाला अंक मिळतो. मुलाला चाचणीतून अंक मिळतो. दोन्ही जुळवायचे आणि पुस्तक द्यायचं. या मोजपट्टीवर दुष्काळात देशोधडीला लागलेल्या कुटुंबाची स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' सातशेच्याही खाली राहते आणि 'डायरी ऑफ अ विम्पी किड' साडेनऊशेच्या घरात जाते. मोजपट्टी खोटं बोलत नाही, स्टाइनबेकची वाक्यं सोपीच आहेत. फक्त जे मोजायला हवं ते तिला मोजता येत नाही. मराठीत अशी मोजपट्टी असती तर 'बनगरवाडी' चौथीच्या मुलांच्या हातात पडली असती.

ब्रिटनमध्ये २००८ साली प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वय छापायचं ठरवलं, तेव्हा फिलिप पुलमन आणि त्यांच्यासोबत अनेक लेखक विरोधात उभे राहिले. 'नऊ वर्षांपासून' असा शिक्का असलेलं पुस्तक बारा वर्षांचा मंद वाचक लाजेने उचलत नाही आणि सात वर्षांच्या झपाट्याने वाचणाऱ्याला मोठी माणसं उचलू देत नाहीत. आमच्या काकांनी पुलमन वाचलेले नाहीत, पण त्यांच्या टेबलावर तोच शिक्का कार्डाच्या रूपात होता.

मराठीत आपण शिशु, बाल आणि कुमार असे तीन गट मानतो. त्यातला तिसरा बराचसा कागदावर आहे. कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात मुलांच्या बाजूला उभं राहून बघावं. खालच्या कप्प्यात चित्रांची पुस्तकं, गेल्या वीसेक वर्षांत फार देखणी झालेली. त्याच्या वर बोधकथा, इसापनीती, बिरबल, बत्तीस पानांत उरकलेली थोरांची चरित्रं आणि जगप्रसिद्ध कादंबऱ्यांची हाडं तेवढी उरलेली संक्षिप्त रूपं. त्याच्या वर एकदम 'मृत्युंजय'. मधला कप्पाच नाही.

तो नेहमीच नव्हता असं मात्र नाही. वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू केलं तेव्हापासून मराठीत मुलांसाठी लिहिणं हे गंभीर काम मानणारी माणसं होती. त्यांतल्या भा. रा. भागवतांपाशी मी जरा थांबणार आहे, कारण मधला कप्पा म्हणजे काय ते त्यांना नेमकं कळलं होतं. त्यांनी एकीकडे फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात आणून बसवला. दुसरीकडे ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. एक नायक सायकलवरून गल्लीबोळांत चोरांच्या मागे, दुसरे नायक पृथ्वीच्या पोटात. फेणेची वीसएक पुस्तकं आहेत. चांगला वाचक मे महिन्याच्या सुट्टीत ती सगळी संपवतो आणि मग व्हर्नवर येतो, जिथे पानं जास्त आहेत, भूगोल जास्त आहे, आणि धीरही जास्त लागतो. एकाच लेखकाने एकाच मुलासाठी दोन पायऱ्या बांधून ठेवल्या होत्या. शिवाय 'बिपिन बुकलवार' नावाचा एक पुस्तकवेडा मुलगा त्यांनी नायक म्हणून उभा केला. वाचणाऱ्या मुलाला गोष्टीत स्वतःसारखाच कुणी भेटणं ही केवढी मोठी सोय आहे, हे ज्याला लहानपणी असं कुणी भेटलं नाही त्यालाच कळेल.

फेणे आज जुना वाटतो का? मला वाटतो. भाचीला वाटला नाही. मोबाईल नसलेलं पुणं तिने परग्रह वाचावा तसं वाचलं. तिची तक्रार वेगळीच होती: "मावशी, यातल्या मुली नेहमी मागे का राहतात?" तक्रार रास्त आहे. ना. धों. ताम्हनकरांनी 'गोट्या'बरोबर 'चिंगी' लिहिली होती हे मी तिला सांगितलं. 'गोट्या' तिला संथ वाटला आणि आवडलाही. अनाथ मुलगा एका घरात येतो आणि हळूहळू त्या घराचा होतो, यात एकही चोर पकडला जात नाही. झपाट्याने वाचणाऱ्या मुलाला अधूनमधून असं संथ पुस्तक मिळायला हवं. नाहीतर वाचनाला वेगाची सवय लागते आणि वर्णन आलं की डोळे पानावरून घसरतात.

'श्यामची आई'बद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, आणि वाचणाऱ्या मुलाला भेट द्यायचं पुस्तक म्हणून आजही प्रत्येक मराठी घराला पहिलं तेच आठवतं. परिणामी अनेक मुलांकडे त्याच्या दोन-तीन प्रती असतात आणि अकरा वर्षांचा तल्लख वाचक विसाव्या पानावर कंटाळलेला असतो. ते पुस्तक एकट्याने, एका बैठकीत वाचायचं नाहीच मुळी. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो आणि प्रकरणांना रात्रीच म्हटलेलं आहे. घरात कुणीतरी रोज एक रात्र मोठ्याने वाचावी. आमच्याकडे माझ्या आईने वाचली. अकराव्या की बाराव्या रात्री भाचीने पुस्तक आजीच्या हातातून घेतलं आणि पुढचं स्वतः वाचून दाखवायला लागली.

मासिकांनी हा मधला कप्पा कितीतरी वर्षं सांभाळला. 'चांदोबा' मराठीत १९५२ साली आला आणि वेताळाने दोन-तीन पिढ्यांना शनिवारची दुपार दिली. तो बंद पडला. 'किशोर' मात्र आहे. पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती १९७१ पासून ते चालवते, आणि त्याचे जुने अंक तिने इंटरनेटवर फुकट ठेवलेले आहेत. पुस्तकं कमी पडली म्हणून हात चोळणाऱ्या आईबापांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले दिवाळी अंक उघडा. मोठ्यांसाठी लिहिणारे नावाजलेले लेखक तिथे मुलांसाठी लिहीत होते, आणि मुलांसाठी म्हणून पाणी घालून लिहीत नव्हते.

नव्यात शोधायचं तर साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादी हे एक बरं दार आहे. २०१० पासूनचा हा पुरस्कार आहे आणि त्यात कुमारवयाला चालतील अशी पुस्तकं अधूनमधून सापडतात. ल. म. कडूंचं 'खारीच्या वाटा' धरणात बुडणाऱ्या गावातलं बालपण सांगतं आणि रानातल्या वाटा, झाडं, माणसं अशा बारकाव्याने सांगतं की शहरातलं मूल त्यात पहिल्यांदा हरवतं आणि मग रमतं. सलीम सरदार मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध', भारत सासण्यांचं 'समशेर आणि भूतबंगला' हीसुद्धा याच यादीतली. सासणे मुळात मोठ्यांचे कथाकार. मोठ्यांसाठी कसून लिहिणारे लेखक मुलांकडे वळतात तेव्हा मधला कप्पा भरायला लागतो, हे माझं निरीक्षण आहे. उलट दिशेने तसं क्वचित होतं.

पण एक पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं काढून ठेवायला हवं. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे'. बालगटाचे दोन भाग, कुमारगटाचे दोन. मोठ्यांच्या मराठी साहित्यातले उतारे निवडून विषयांनुसार लावलेले आणि सोबत भारतीय चित्रकारांची चित्रं. हे चाखून पाहण्याचं पुस्तक आहे. मुलाला कळतं की माडगूळकर असे लिहितात, दुर्गाबाई तशा, आणि अमुक एक मला आणखी हवा आहे. भाचीने कुमारगटाच्या एका भागाला कागदाच्या इतक्या खुणा लावल्या की पुस्तक मिटेना. त्या खुणा हीच माझी वर्षभराची खरेदीची यादी झाली. मोठ्यांच्या कपाटाकडे जायचा जो जिना वाचनालयात नव्हता, तो या पुस्तकात होता.

मोठ्यांचं कपाट. इथेच खरी निवड करावी लागते.

मराठी घरांतल्या वाचणाऱ्या मुलांची एक ठरलेली उडी असते: फास्टर फेणेवरून थेट 'मृत्युंजय', 'स्वामी', 'छावा'. मीही तीच मारली होती. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' जाड आहे, शब्द संस्कृत वळणाचे आहेत, आणि बारा वर्षांची मुलं ते तहानभूक विसरून वाचतात. कारण उघड आहे. कर्णावर अन्याय झाला आहे, आणि अन्याय हा या वयाचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. शिवाय तीच कथा कर्ण सांगतो, कुंती सांगते, दुर्योधन सांगतो. सांगणारा बदलला की सत्य थोडं सरकतं, हे मुलाला कुणी न शिकवता कळतं. या उडीला माझी हरकत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. एक, कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे हे याच वयात सांगायला हवं. 'स्वामी'तले संवाद रणजित देसाईंनी लिहिले आहेत, ते कुणी दरबारात बसून टिपून घेतलेले नाहीत. मुलांना हे सांगितलं तर वाईट वाटत नाही, उलट कोणतं खरं आणि कोणतं रचलेलं हे शोधायचा नवा खेळ मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे नावाला फसू नये. 'ययाति' हे नाव पाहून, पौराणिक आहे, ज्ञानपीठ मिळालेलं आहे, मग चांगलंच असणार, असं म्हणून ते अकराव्या वाढदिवसाला देणारे काका-मामा मी पाहिले आहेत. खांडेकरांचा विषय वासना आहे. मुलाला त्याने इजा होणार नाही, फक्त तो कंटाळेल आणि खांडेकर त्याला कायमचे बंद होतील.

या ठरलेल्या उडीच्या बाजूला एक आडवाट आहे आणि मला ती जास्त आवडते. मोठ्यांसाठी लिहिलेली, पण लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहणारी पुस्तकं. प्रकाश नारायण संतांचा लंपन हा तिचा राजा. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा सीमाभागातला मुलगा, कानडीचा वास असलेली त्याची मराठी, आणि डोक्यात सतत चाललेला गोंधळ. लंपनचं वय वाचकाच्या वयाएवढंच आहे, म्हणून जगण्याचं वय अडत नाही. लेखन मोठ्यांच्या तोडीचं आहे, म्हणून शब्दांचं वय उपाशी राहत नाही. अकराव्या वर्षी भाची लंपनच्या फजितीवर हसली. विसाव्या वर्षी तीच पानं वाचताना तिला त्यातलं एकटेपण दिसेल, आणि चाळिसाव्या वर्षी आजी-आजोबा दिसतील. ज्या पुस्तकाकडे परत यावंसं वाटेल ते आधी द्यावं, एवढीच माझी कसोटी आहे आणि लंपन तिच्यात पहिला येतो.

याच आडवाटेवर अनपेक्षित माणसं भेटतात. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आपण पाठ्यपुस्तकातल्या धड्यापुरतं ओळखतो. त्यातलं बालपण, वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याचे किस्से, नवऱ्याबरोबरचा विक्षिप्त संसार, हे सगळं बारा वर्षांच्या मुलीला पोट धरून हसवतं. लक्ष्मीबाईंची मराठी बोलल्यासारखी आहे, म्हातारी झालेली नाही. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' मात्र कठीण आहे. दक्षिणा मिळवायला म्हणून वरसईहून उत्तरेत गेलेला भटजी १८५७ च्या बंडात सापडतो आणि झाशीच्या वेढ्यात आत अडकतो. अशी साहसकथा मराठीत दुसरी नाही आणि ही खरी घडलेली. पुस्तक छापलं गेलं ते १९०७ साली. भाषा जुनी, वाक्यं लांब, आणि झाशीतली कत्तल भयंकर. मी ते भाचीला एकटीला दिलं नाही. आम्ही दोघींनी मिळून वाचलं, रोज सातआठ पानं, नकाशा शेजारी उघडून. चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावाला एवढ्या तयारीची गरज नाही. तो कुणालाही, कधीही.

आणि 'सत्तांतर'? ते मी तिला दिलं, पण आधी स्वतः पुन्हा वाचलं. दिल्यावर एवढंच सांगितलं की यात पिल्लं मरतात, वाईट वाटलं तर थांब. ती थांबली नाही. दोन दिवसांनी तिने विचारलं, नवा नर पिल्लांना का मारतो. मी तिला वानरांच्या टोळ्यांबद्दल जे ठाऊक होतं ते सांगितलं. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती वाढते, एवढं. ती म्हणाली, "म्हणजे तो दुष्ट नाहीये." जरा वेळाने म्हणाली, "पण तरी मला नाही आवडला." मुलांना क्रौर्याचा त्रास होतो तो बहुधा त्याबद्दल कुणाशी बोलता न आल्यामुळे. ज्या पुस्तकाबद्दल मी मुलाशी बोलू शकणार नाही, ते मी त्याच्या हातात ठेवत नाही. या नियमाने माझ्यावरच जास्त काम येतं, कारण आधी मला वाचावं लागतं.

अनुवादांनी मराठीतली पोकळी फार जुन्या काळापासून भरली आहे. शांता शेळके यांची 'चौघीजणी' अजूनही मुली एकमेकींना देतात. आता ती मुलांनाही द्यावी. तेत्सुको कुरोयानागींचं 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलं. रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा मुलांना इतकी आवडते की आपली शाळा आवडेनाशी होण्याचा धोका आहे. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा अशोक जैन यांच्या मराठीत मिळतो. राय यांनी ही प्रकरणं १९६५ पासून मुलांसाठी लिहिली. 'संदेश' हे आजोबांनी काढलेलं मासिक त्यांना चालू ठेवायचं होतं आणि अंक भरायला मजकूर हवा होता. फेलूदाचा एक तपास वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येतो. वेरूळला सहलीला गेलेल्या मुलाने तो वाचला की लेणं पुन्हा पाहावंसं वाटतं. 'एका कोळियाने', म्हणजे पु. लं.नी केलेला हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याचा अनुवाद, पानांनी लहान आणि आतून मोठा आहे. बाराव्या वर्षी तो माशाची गोष्ट म्हणून वाचला तरी चालतो.

विज्ञानाकडे ओढा असलेल्या मुलांचं पोट मराठीत बऱ्यापैकी भरतं. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' याच वयात वाचावं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. ही हकिकत मुलांना आधी सांगितली की मग ती कथा वाचायला घेतातच. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (१९८१) याच कप्प्यातलं. गुलामीत जन्मलेला मुलगा आणि भुईमूग, आणि मग पुस्तक मिटल्यावर घरच्या कुंडीत काहीतरी पेरलं जातं.

आता अडचणीच्या गोष्टी. पहिली म्हणजे मराठी मुलांच्या पुस्तकांतलं घर. फार काळ ते एकाच आळीतलं घर राहिलं: पुण्या-कोकणातलं, पांढरपेशं, देवघर असलेलं. रुडिन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये म्हटलं की पुस्तक मुलासाठी आरसाही असतं आणि खिडकीही. ज्या मुलांना पुस्तकात आपला आरसा कधीच सापडत नाही ती वाचनालाच परकी होतात, आणि ज्यांना फक्त आरसेच मिळतात त्यांना बाहेरचं जग दिसत नाही. मराठीत ही खिडकी मोठ्यांच्या कपाटातूनच उघडावी लागते. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मधली कोकणातल्या लहानपणाची पानं, 'आमचा बाप आन् आम्ही'तला बाप, ही बाराव्या-तेराव्या वर्षी, सोबत बसून वाचता येतात. जुन्या पुस्तकांत जात, रंग, जाडेपणा यांवरचे विनोद येतात, तेव्हा पान झाकण्यापेक्षा 'हे आज कुणी लिहील का' एवढं विचारलं तरी पुरतं. मुलं याबाबत आपल्यापेक्षा कडक असतात.

दुसरी अडचण इंग्रजी. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांची आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांची तर तिसरीच गंमत. पर्सी जॅक्सनचे पाच भाग संपवणारा मुलगा मराठी वाचताना अक्षरं जुळवतो. त्याला त्याच्या मराठीच्या कुवतीचं म्हणून ससा-कासवाचं पुस्तक दिलं तर तो अपमान समजतो, आणि त्याचं बरोबर आहे. अशा वेळी डोळ्यांना सुट्टी देऊन कानांना कामाला लावावं. त्याच्या वयाचं मराठी पुस्तक कुणीतरी वाचून दाखवावं. ध्वनिपुस्तकंही आता मिळतात. वाचायला द्यायचं ते थोडक्या मजकुराचं पण बाळबोध नसलेलं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' यासाठी अस्सल आहे. तीन चौकटी, बोलीतली मराठी, आणि विनोद कळला की भाषा कळलीच. 'हॅरी पॉटर आणि परीस' हाही उपाय काही घरांत लागू पडल्याचं पाहिलं आहे. इंग्रजीत पाठ असलेली गोष्ट मराठीत वाचताना अडत नाही, आणि मराठीत अमुक मंत्राला काय म्हटलंय यावर घरात वाद होतात.

तिसरी अडचण, पुस्तक मिळण्याची. भागवतांचं एखादं पुस्तक हवं असतं तेव्हाच आवृत्ती संपलेली असते. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं फुकट आहेत. रद्दीची दुकानं आहेत. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, तिथे एक दिवस मुक्काम करून वाचता येतं. पण रोजचं वाचनालयच. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक ग्रंथालयं उभी आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत बालविभाग म्हणजे कोपऱ्यातलं एक कुलूपबंद कपाट.

निवडायचं कसं, असं मैत्रिणी विचारतात. पुस्तकाचं मधलं पान उघडून न कळलेल्या शब्दांना एकेक बोट मिटायचं आणि पाच बोटं मिटली तर पुस्तक परत ठेवायचं, ही शाळांमध्ये सांगितली जाणारी युक्ती तगड्या वाचकांना लागू पडत नाही. ती मुठी मिटून वाचत राहतात. मी चार-पाच पुस्तकं एकदम आणते आणि टेबलावर ठेवून निघून जाते. त्यात एक तिच्या वयाच्या खालचं असतंच. जी मुलं फार वाचतात त्यांना सोपं, मऊ, आधी वाचलेलं काहीतरी लोळत वाचायची फार गरज असते, आणि कौतुकाच्या भरात आपण त्यांची तीच सोय काढून घेतो. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यात पानं गाळण्याचा हक्क आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे, मुळीच न वाचण्याचाही आहे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची चौकशी मी करत नाही. मी मोठ्या हौसेने दिलेली 'बनगरवाडी' चाळिसाव्या पानावर बसचं तिकीट घालून गेले चार महिने पडून आहे. परवा पाहिलं, तिकीट बासष्टाव्या पानावर सरकलं होतं. मी काही बोलले नाही.

वाचनालयाचा प्रश्न तिच्या वडिलांनी सोडवला. त्यांनी मोठ्यांच्या विभागाची अनामत आणि वर्गणी भरून स्वतःच्या नावावर कार्ड काढलं. आता शनिवारी दोघं जातात, पुस्तकं ती निवडते, सही ते करतात आणि काका काही विचारत नाहीत. त्यामुळे त्या वाचनालयाच्या नोंदवहीत असं दिसतं की बँकेत नोकरी करणाऱ्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या गृहस्थांनी गेल्या महिन्यात 'स्मृतिचित्रे', 'चिंटू'चे तीन भाग, 'झुंबर' आणि 'चिंगी' वाचलं. 'चिंगी' पुन्हा नेलं आहे.